सॅनवरच्या व्हीएम मध्येच गोठतात, डिस्क रीड-ओन्ली होते: दोष शोधायचा क्रम

सॅन म्हणजे अनेक सर्व्हरनी मिळून वापरायचं, नेटवर्कवरून जोडलेलं स्टोरेज; व्हीएम म्हणजे त्यावर आपली डिस्क ठेवून चालणारा आभासी सर्व्हर. अशी व्हीएम काही सेकंद थांबते, कधी दीड-दोन मिनिटं, आणि मग काही झालंच नाही अशी पुढे चालू लागते. कधी चालू होतच नाही. तपासायला जावं तर स्टोरेजच्या पॅनेलवर सगळे दिवे हिरवे. काही दिवस शांतता, मग पुन्हा तेच. हे दुखणं मी बऱ्याच मांडण्यांवर सोडवलं आहे. पहिला संशय नेहमी स्टोरेजमधल्या डिस्कवर घेतला जातो आणि बहुतेक वेळा डिस्क निर्दोष निघतात. दोष असतो होस्ट (व्हीएम ज्यावर चालतात तो प्रत्यक्ष सर्व्हर) आणि स्टोरेज यांच्या मधल्या वाटेवर, नाहीतर कुणीतरी पूर्वी लावून विसरलेल्या एखाद्या सेटिंगमध्ये. म्हणून फुकटात होणाऱ्या, चालू कामाला धक्का न लावणाऱ्या तपासण्या आधी घेतल्या आहेत. केबल, पोर्ट आणि फर्मवेअर नंतर.

लक्षणं

- व्हीएमला पिंग केलं तर उत्तर येतं, पण लॉगिन होत नाही. पिंगचं उत्तर कर्नल मेमरीतूनच देतो, त्याला डिस्क लागत नाही. लॉगिनला लागते. सीपीयू आणि मेमरी मोकळी असताना हे दिसलं तर बोट थेट स्टोरेजकडे जातं.
- लिनक्समध्ये फाइल सिस्टीम रीड-ओन्ली होते, किंवा एखादी प्रोसेस १२० सेकंदांहून जास्त अडकून पडल्याची नोंद कर्नलच्या लॉगमध्ये येते.
- विंडोजच्या सिस्टीम लॉगमध्ये इव्हेंट १२९ (डिस्कला रीसेट पाठवला) किंवा १५३ (आयओ, म्हणजे डिस्कवरचं वाचन-लेखन, पुन्हा करावा लागला) दिसतो.
- ईएसएक्सआय (व्हीएमवेअरचा हायपरव्हायझर, म्हणजे व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) असलेल्या होस्टवर डेटास्टोअरचा, म्हणजे व्हीएमच्या फाइली ठेवायच्या जागेचा, संपर्क तुटल्याची आणि थोड्याच वेळात परत आल्याची जोडनोंद येते, किंवा डिव्हाइसची कामगिरी खालावल्याचा इशारा मायक्रोसेकंदांच्या आकड्यांसह येतो.
- मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्ही क्लस्टरमध्ये इव्हेंट ५१२० येतो आणि सामाईक व्हॉल्यूम थोडा वेळ थांबतो.
- लिनक्सवरच्या केव्हीएम किंवा प्रॉक्समॉक्सवर व्हीएम ‘आयओ एरर’ दाखवून थांबलेली दिसते.

यातली दोन-तीन लक्षणं एकदम आली तर पुढचं वाचा. एकाच व्हीएममध्ये एकच ॲप्लिकेशन हळू चालत असेल, तर आधी ते ॲप्लिकेशन तपासा.

रीस्टार्ट करण्याआधी

गोठलेला होस्ट रीस्टार्ट केला की सगळं चालू होतं आणि पुरावा जातो. ईएसएक्सआय यूएसबी किंवा एसडी कार्डवर बसवलेला असेल आणि लॉगसाठी कायमची जागा ठरवून दिलेली नसेल, तर रीस्टार्टनंतर आधीचे लॉग उरतच नाहीत. म्हणून आधी लॉग बाहेर काढा. होस्टचे, स्विचचे आणि स्टोरेज कंट्रोलरचेही.

त्याच वेळी तिन्हींची घड्याळं जुळतात का पाहा. होस्ट सहसा एनटीपीवर (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारी सेवा) असतात. स्विच आणि स्टोरेज कंट्रोलर पुष्कळदा नसतात, किंवा त्यांचा टाइमझोन वेगळा असतो. होस्ट म्हणतो २ वाजून १० मिनिटांनी पाथ (स्टोरेजपर्यंतची वाट) गेला, स्विच म्हणतो २ वाजून १७ मिनिटांनी पोर्ट पडलं. या दोन घटना एकच आहेत की वेगळ्या, हे घड्याळं जुळवल्याशिवाय सांगता येत नाही. हे काम पाच मिनिटांचं आहे आणि पुढचा सगळा तपास त्यावर उभा आहे.

कोण कोण अडकलं?

माझ्या मते सगळ्यात किमती तपासणी हीच, आणि तिला एक कागद आणि पेन पुरतं. घटनेच्या वेळी गोठलेल्या व्हीएमची यादी करा. प्रत्येकीसमोर तिचा होस्ट, तिचं डेटास्टोअर आणि त्यामागचं लन, म्हणजे स्टोरेजने होस्टला डिस्क म्हणून दिलेला भाग, लिहा. मग त्यांच्यात समान काय आहे ते शोधा.

एकच व्हीएम अडकली असेल तर दोष बहुधा तिच्याच आत असतो: लांबलेला स्नॅपशॉट (व्हीएमची एका क्षणाची जपून ठेवलेली अवस्था), जुना व्हर्च्युअल कंट्रोलर, आतलाच एखादा जड बॅच जॉब. एका होस्टवरच्या सगळ्या व्हीएम अडकल्या आणि त्याच लनवरच्या दुसऱ्या होस्टवरच्या व्यवस्थित चालल्या, तर त्या होस्टचं कार्ड, त्याची केबल, त्याचं स्विच पोर्ट किंवा त्याचं मल्टिपाथ (एकाच लनचे अनेक पाथ सांभाळणारी यंत्रणा) पाहायचं. स्टोरेज उघडूही नका. वेगवेगळ्या होस्टवरच्या पण एकाच लनवरच्या व्हीएम अडकल्या, तर त्या लनची जागा, त्यामागचा पूल (अनेक डिस्कचा मिळून केलेला साठा), त्याच्यावरची गर्दी. सगळंच एकदम थांबलं तर कंट्रोलर, स्टोरेजच्या बाजूचं पोर्ट किंवा मधला स्विच.

या यादीत वेळेचा रकाना जोडा. दुखणं दर रात्री ठरावीक वेळी येत असेल तर त्या वेळी काय काय सुरू होतं ते पाहा. बॅकअप, सगळ्या व्हीएमवर एकाच मिनिटाला सुरू होणारं अँटिव्हायरस स्कॅन, स्टोरेजची स्वतःची रेड पडताळणी, दुसऱ्या ठिकाणी जाणारी प्रतिकृती. यातली तीन कामं एकाच वेळी लागलेली असणं अगदी नेहमीचं आहे. वेळा सरकवून दुखणं गेलं, तर एक पैसाही खर्च न होता काम झालं.

जागा आणि स्नॅपशॉट

स्टोरेजवरचं लन थिन (जागा लागेल तशीच घेणारं) आणि त्यावरच्या व्हीएमच्या डिस्कही थिन, अशी मांडणी आता सर्रास असते. डेटास्टोअरवर ४० टक्के जागा मोकळी दिसते, आणि त्यामागचा पूल मात्र पूर्ण भरलेला असतो. मग लिहिणं अडतं आणि नवी जागा मागणाऱ्या व्हीएम थांबतात. म्हणून मोकळी जागा दोन्हीकडे बघायची, होस्टवर आणि स्टोरेजवर. व्हीएममधून फाइल पुसली म्हणून पूलमध्ये जागा आपोआप परत येत नाही. ती परत करणारा अनमॅप आदेश सगळ्या थरांतून खाली जावा लागतो. व्हीएमवेअरच्या व्हीएमएफएस ६ या फाइल सिस्टीममध्ये तो मागे आपोआप चालतो, व्हीएमएफएस ५ मध्ये हाताने चालवावा लागतो.

स्नॅपशॉटचं दुखणं फार ठिकाणी दिसतं. बॅकअपचं सॉफ्टवेअर स्नॅपशॉट घेतं, मध्येच काहीतरी बिघडतं आणि स्नॅपशॉट मागे राहतो. पुढच्या रात्री आणखी एक. साखळीतल्या प्रत्येक पायरीने वाचनाचा खर्च वाढतो. व्हीएमवेअरची शिफारस अशी की एकच स्नॅपशॉट ७२ तासांहून जास्त ठेवू नये. साखळीत ३२ पर्यंत चालतात, पण चांगल्या वेगासाठी दोन-तीनच असावेत. स्नॅपशॉटची यादी रिकामी दिसली म्हणून सुटलो असं मानू नका. डेटास्टोअरमध्ये जाऊन डेल्टा फाइली (स्नॅपशॉटनंतरचे बदल साठवणाऱ्या) आहेत का ते डोळ्यांनी पाहा. मोठा स्नॅपशॉट मिटवताना स्वतःच भरपूर आयओ होतो आणि शेवटी व्हीएम थोडी थांबते, त्यामुळे ते काम वर्दळीच्या वेळी करू नये.

व्हीएमच्या आतली सहनशक्ती

लिनक्स डिस्कच्या उत्तराची मुळात ३० सेकंद वाट पाहतं, विंडोज ६० सेकंद. सॅनमध्ये एक कंट्रोलर पडून दुसऱ्याने काम हाती घेण्यात ३० सेकंद सहज जाऊ शकतात. तेवढ्या वेळात लिनक्स हार मानतं, एक्स्ट ४ या फाइल सिस्टीमला लिहिता न आल्याची चूक मिळते आणि ते स्वतःला रीड-ओन्ली करून घेतं. स्टोरेजने आपलं काम चोख केलेलं असतं, तरी सर्व्हर पडतो.

व्हीएमवेअर टूल्स (व्हीएमच्या आत बसवायचं व्हीएमवेअरचं सॉफ्टवेअर) लिनक्समध्ये ही मुदत १८० सेकंद करतात. टूल्स बसवलेली आहेत का आणि प्रत्येक डिस्कची प्रत्यक्ष मुदत किती आहे, हे व्हीएमच्या आत जाऊन पाहा. तयार टेम्प्लेटमधून काढलेल्या व्हीएममध्ये ती नसलेली मी बऱ्याचदा पाहिली आहे. मुदत वाढवून मूळ दोष जात नाही, फक्त छोटा धक्का व्हीएम पचवू शकते. त्यामुळे ती वाढवा, पण तपास थांबवू नका.

उशीर कुठे होतोय?

ईएसएक्सआयवर ईएसएक्सटॉप हे कामगिरीचे आकडे दाखवणारं साधन उघडून डिस्क डिव्हाइसचं दृश्य घ्या. तिथे तीन आकडे महत्त्वाचे. डीएव्हीजी म्हणजे होस्टच्या कार्डातून बाहेर पडून, स्टोरेजपर्यंत जाऊन परत यायला लागलेला वेळ. केएव्हीजी म्हणजे होस्टच्या कर्नलमध्येच गेलेला वेळ. दोघांची बेरीज जीएव्हीजी, म्हणजे व्हीएमला जाणवणारा उशीर. डीएव्हीजी सतत २०-२५ मिलिसेकंदांच्या वर राहिला तर कारण होस्टच्या बाहेर आहे. केएव्हीजी २ मिलिसेकंदांच्या वर राहिला तर होस्टमध्येच रांग लागली आहे, आणि स्टोरेजच्या कंपनीला फोन करून उपयोग नाही. दोष रात्री येत असेल तर ईएसएक्सटॉप बॅच मोडमध्ये लावून आकडे फाइलमध्ये उतरवून घ्या. लिनक्स होस्टवर आयओस्टॅटमधले वाचन आणि लेखनाचे प्रतीक्षाकाळ हेच काम करतात, फक्त आतलं आणि बाहेरचं असं वेगळं दाखवत नाहीत.

फक्त लेखनाचा उशीर एकाएकी वाढला आणि वाचन पूर्वीसारखंच असेल, तर स्टोरेजच्या राइट कॅशची बॅटरी पाहा. बॅटरी निकामी झाली की पुष्कळ कंट्रोलर कॅशमध्ये लिहून लगेच होकार देणं बंद करतात आणि प्रत्येक लेखन थेट डिस्कवर नेतात. पॅनेलवर त्याची एक पिवळी ओळ असते, तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलेलं नसतं.

पाथ

प्रत्येक होस्टवर प्रत्येक लनचे पाथ मोजा. दोन कार्डं, दोन स्विच, दोन कंट्रोलर अशा मांडणीत चार पाथ अपेक्षित असतील आणि एका होस्टवर तीनच दिसत असतील, तर दोषाचं टोक हाती लागलं. लनचा क्रमांक सगळ्या होस्टवर एकच आहे ना, तेही याच वेळी पाहून घ्या.

आता मुख्य मुद्दा. पूर्ण मेलेला पाथ मल्टिपाथला लगेच कळतो आणि काम दुसऱ्या पाथवर जातं. अर्धवट आजारी पाथ त्याला कळत नाही. लिंक वर असते, छोटे आदेश जातात, मोठे आयओ अडकतात. राउंड रॉबिन धोरणात ईएसएक्सआय मुळात दर १००० आयओंनंतर पाथ बदलतो. म्हणजे आजारी पाथची पाळी ठरावीक अंतराने येतच राहते, आणि दर पाळीला व्हीएम गोठतात. दुखणं येतं आणि जातं याचं स्पष्टीकरण पुष्कळदा इथेच असतं. शोधायचं कसं? शांत वेळी एकेक पाथ हाताने बंद करून ठेवा आणि आकडे पाहा. जो बंद केल्यावर उशीर खाली येतो, तो आजारी. मात्र त्याआधी उरलेले पाथ खरोखर चालू आहेत याची खात्री हवी.

दोन कंट्रोलरच्या पुष्कळ स्टोरेजमध्ये प्रत्येक लनचा एक मालक कंट्रोलर असतो. त्याच्याकडून जाणारे पाथ ‘ऑप्टिमाइझ्ड’, दुसऱ्याकडून जाणारे नाहीत. होस्टवर चुकीचं धोरण असेल, तर दोन होस्ट एकच लन दोन वेगवेगळ्या कंट्रोलरकडून मागत राहतात आणि मालकी इकडून तिकडे फिरत राहते. स्टोरेजच्या लॉगमध्ये मालकी बदलल्याच्या ओळी मिनिटामिनिटाला दिसत असतील तर हेच चाललं आहे. धोरण कोणतं हवं ते स्टोरेजच्या कंपनीच्या दस्तऐवजात असतं. ते सगळ्या होस्टवर सारखं लावा.

केव्हीएमवाल्यांनी मल्टिपाथच्या फाइलमध्ये एकही पाथ उरला नाही तर काय करायचं ते सेटिंग पाहावं. ‘क्यू’ असेल तर व्हीएम अमर्याद वाट पाहत गोठून राहते. ‘फेल’ असेल तर लगेच चूक मिळते आणि फाइल सिस्टीम रीड-ओन्ली होते. ठरावीक वेळा प्रयत्न करून मग सोडणं मला जास्त पटतं.

आयस्कझी असेल तर

आयस्कझी म्हणजे साध्या आयपी नेटवर्कवरून स्टोरेजशी बोलायची पद्धत. आधी एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार. जंबो फ्रेम (९००० बाइटची मोठी पॅकेटं) चालू केल्या असतील तर वाटेतल्या प्रत्येक ठिकाणी त्या चालू हव्यात: होस्टचा व्हर्च्युअल स्विच, त्याचं व्हीएमकर्नल पोर्ट (होस्टचं स्वतःचं नेटवर्क पोर्ट), मधला प्रत्येक स्विच, स्टोरेजचं पोर्ट. एक जरी १५०० वर राहिला तर टार्गेटवर, म्हणजे स्टोरेजच्या टोकावर, लॉगिन होतं, लन दिसतं आणि पहिलं मोठं लेखन आलं की सगळं थांबतं. तपासायला पिंग पुरतं: पॅकेटचे तुकडे न करण्याचा पर्याय देऊन ८९७२ बाइटचं पिंग पाठवा. ९००० मधून आयपी हेडरचे २० आणि आयसीएमपीचे ८ वजा केले की हा आकडा येतो. ईएसएक्सआयवर हे व्हीएमकेपिंगने, नेमकं व्हीएमकर्नल पोर्ट सांगून, प्रत्येक पोर्टवरून स्टोरेजच्या प्रत्येक पत्त्यावर करायचं. एक जोडी चालली म्हणून बाकीच्या चालतीलच असं नाही.

पोर्ट बाइंडिंग (आयस्कझी ठरावीक व्हीएमकर्नल पोर्टांना बांधणं) वापरत असाल तर प्रत्येक व्हीएमकर्नल पोर्टला एकच सक्रिय अपलिंक (प्रत्यक्ष नेटवर्क कार्डाची जोडणी) असावी, दुसरी ‘न वापरलेली’ या गटात. स्टोरेजचे पत्ते दोन वेगळ्या सबनेटमध्ये असतील तर पोर्ट बाइंडिंग नको. स्विचवर होस्टची आणि स्टोरेजची पोर्टं स्पॅनिंग ट्रीमध्ये (नेटवर्कमधले लूप टाळणारी स्विचची यंत्रणा) एज म्हणून लावा, नाहीतर लिंक परत आल्यावरही पोर्ट काही सेकंद वाहतूक अडवून ठेवतं.

फायबर चॅनल असेल तर

फायबर चॅनल म्हणजे फक्त स्टोरेजसाठीचं वेगळं नेटवर्क. त्याच्या स्विचवरचे चुकांचे आकडे पाहा, पण ते कधीपासूनचे आहेत ते ठाऊक नसताना त्यावरून निष्कर्ष काढू नका. आकडे लिहून ठेवा, शून्य करा, एक दिवस जाऊ द्या, मग पुन्हा पाहा. वाढतात ते आकडे कामाचे. ब्रोकेडच्या स्विचवर सीआरसी (फ्रेम वाटेत बिघडली का याची पडताळणी) चुकांचे दोन रकाने असतात. ज्या पोर्टवर फ्रेमचा शेवट शाबूत असलेल्या सीआरसी चुका वाढतात, तिथल्याच लिंकवर बिघाड आहे. नुसत्या सीआरसी वाढत असतील तर फ्रेम आधीच कुठेतरी बिघडून आली आहे, तुम्ही मागे मागे जायचं.

मग एसएफपीला (पोर्टमध्ये बसणारा, प्रकाश पाठवणारा आणि घेणारा सुटा भाग) मिळणारा प्रकाश शेजारच्या निरोगी पोर्टशी ताडून पाहा. कमी असेल तर आधी टोकं साफ करा, त्यासाठीच्या साधनाने; शर्टाच्या टोकाने नाही. चालू फायबरच्या टोकात डोळा लावून कधीही पाहू नका, तो लेझर डोळ्याला दिसत नाही पण इजा करू शकतो. साफ करून फरक पडला नाही तर केबल, मग एसएफपी, मग पोर्ट, असं एका वेळी एकच बदला. तिन्ही एकदम बदलले तर दुखणं जाईल, पण कशामुळे गेलं ते कळणार नाही आणि दोषी एसएफपी सुटे भाग ठेवायच्या खणात जाऊन पुन्हा कुठेतरी लागेल.

स्विच नवे घेऊन केबल जुन्याच ठेवल्या असतील तर अंतर मोजा. ओएम ३ या प्रकारच्या फायबर केबलवर ८ गिगाबिटला १५० मीटर चालतात, १६ ला १०० आणि ३२ ला फक्त ७०.

चुका शून्य असूनही सगळेच हळू असतील तर क्रेडिट (समोरचं पोर्ट आणखी किती फ्रेम घेऊ शकतं त्याचा हिशेब) संपल्याचे आकडे पाहा. एखादा होस्ट आलेल्या फ्रेम वेळेवर उचलत नसेल तर मागे साचत जातं आणि त्याच फॅब्रिकमधल्या (जोडलेल्या स्विचच्या जाळ्यातल्या) निर्दोष होस्टनाही झळ बसते. यादी करताना काहीच समान सापडलं नसेल तर बहुधा हेच.

रांग आणि कुलपं

एका लनवर फार व्हीएम दाटल्या की रांगेची मर्यादा भरते. व्हीएमकर्नलच्या लॉगमध्ये चुकीच्या ओळीत ‘डी’समोर हेक्स २८ दिसलं तर स्टोरेज सांगतंय की माझी रांग भरली, ८ म्हणजे व्यग्र आहे, १८ म्हणजे लन दुसऱ्या कुणीतरी राखून ठेवलं आहे. होस्टवरची रांग वाढवायचा मोह होतो. स्टोरेजच भरलेलं असेल तर त्याने गर्दी आणखी वाढते. आधी व्हीएम दोन-तीन लनवर विभागून पाहा.

व्हीएमवेअरच्या २०१० च्या व्हीस्फिअर ४.१ पासून, स्टोरेज साथ देत असेल तर, मेटाडेटा बदलताना पूर्ण लन राखून ठेवावं लागत नाही, फक्त लागेल तेवढ्या भागाला कुलूप लागतं. तरीही हेक्स १८ वारंवार येत असेल तर सहसा दुसरा कुणीतरी त्या लनला हात लावतोय: बॅकअप सर्व्हर, किंवा झोनिंगमध्ये (कोणत्या होस्टला कोणतं स्टोरेज दिसावं ते स्विचवर ठरवणं) चुकून आलेला जुना होस्ट.

इथे थांबा आणि तज्ज्ञाला बोलवा

विंडोज बॅकअप सर्व्हरवर नवी डिस्क दिसली आणि ‘इनिशियलाइज करू का’ असा प्रश्न आला तर नाही म्हणा. ती बहुधा तुमच्या व्हीएमची व्हीएमएफएस डिस्क असते आणि एका क्लिकने तिची पार्टिशनची माहिती जाते.

पुढीलपैकी काहीही दिसलं तर स्वतः प्रयोग करू नका: डेटास्टोअर परत आलं पण रिकामं किंवा अनोळखी दिसतंय, होस्ट नवी सही लिहू का किंवा फॉरमॅट करू का असं विचारतोय, एकाच रेड गटातली दुसरी डिस्क गेली, दोन्ही कंट्रोलर एकमेकांना पाहू शकत नाहीत, वेगवेगळ्या व्हीएममध्ये फाइल सिस्टीम खराब झाल्याच्या नोंदी एकाच दिवशी आल्या. एक्स्ट ४ किंवा एनटीएफएसचं लन दोन होस्टवर एकाच वेळी माउंट झालेलं आढळलं, तर एकावरून उतरवा आणि दुरुस्तीचा आदेश चालवण्याआधी त्या लनची स्टोरेजवरच प्रत काढून ठेवायला सांगा. चुकीच्या अवस्थेत चालवलेली दुरुस्ती उरलेला डेटाही घालवते.

चालू फॅब्रिकचं झोनिंग बदलणं आणि स्टोरेजचं फर्मवेअर चढवणं ही कामंही सपोर्टला सोबत घेऊनच करावीत. कार्डाचा ड्रायव्हर, त्याचं फर्मवेअर, हायपरव्हायझर आणि स्टोरेज यांच्या आवृत्त्या सुसंगत यादीत एकत्र बसतात का, हे त्याआधी पाहून ठेवा; सपोर्टचा पहिला प्रश्न तोच असतो.

फोन करताना एकाच घटनेचे, त्याच अर्ध्या तासातले होस्ट, स्विच आणि स्टोरेज या तिन्हींचे सपोर्ट बंडल हाताशी ठेवा. सोबत अडकलेल्या व्हीएमची यादी, त्यांचे होस्ट आणि लन, घड्याळांतला फरक, आणि आतापर्यंत काय बदललं ते क्रमाने लिहिलेलं असू द्या. स्टोरेजवाले स्विचकडे आणि स्विचवाले होस्टकडे बोट दाखवू लागले की हीच यादी तिघांनाही एकदम पाठवा आणि तिघांना एकाच कॉलवर घ्या.